मुलीच्या अभ्यासातले आजोबा

माझी मुलगी अर्थशास्त्र आणि व्यवसाय यांच्या आंतरराष्ट्रीय पदवीला आहे. पहिली दोन वर्षं इथे, तिसरं परदेशात. मला वाटलेलं, बी.कॉम.च असणार, जरा नटवलेलं. पण वर्तकनगरच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर तिची पुस्तकं पसरायला लागली तसा मी चक्रावलो. गणित, संख्याशास्त्र, देशादेशांमधला व्यापार, एक परकी भाषा. शिवाय आर्थिक इतिहास. त्यात मी सापडलो.

घरातल्या तीन पिढ्यांनी काय काम केलं आणि ते का बदललं, हे तिला लिहायचं होतं.

"बाबा, आजोबांचं कल्याणचं दुकान नेमकं कुठे होतं रे?"

"होतं बाजारात. लिहून टाक, छोटे व्यापारी."

"लिहून टाक काय? आमच्या ऑनलाइन ग्रुपमधल्या पोलंडच्या मुलीचे आजोबा खाणीत होते. तिला त्यांच्या शिफ्टच्या वेळासुद्धा माहितीयेत. आणि मी काय सांगू, बाबा म्हणाला लिहून टाक?"

बायकोने भाजी चिरता चिरता माझ्याकडे पाहिलं. तिला खरं काय ते लग्नानंतर महिन्याभरातच कळलेलं. तिने ते कधी तोंडावर आणलं नाही.

माझे वडील कल्याणच्या घाऊक बाजारात हमाल होते. धान्याच्या गोण्या पाठीवरून वाहायचे. आम्ही हिला बघायला गेलो तेव्हा "वडिलांचा धान्याचा व्यापार आहे" असं मीच ठोकून दिलं. ते शेजारीच बसलेले. सासऱ्यांनी कौतुकाने विचारलं, "मग यंदा तांदूळ कसा काय?" वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. म्हणाले, "कोलम चांगला आलाय." पुढे मुलगी दोन वर्षांची असताना ते गेले. मी त्यांची माफी मागितलीच नाही, आणि मुलीलाही तेच दुकान सांगत राहिलो.

हे सगळं मी तिला त्या टेबलावर सांगितलं. ती चिडेल असं वाटलेलं. तिने पेनाचं टोपण काढलं.

"एका वेळी किती वजन उचलायचे ते?"

"माहीत नाही."

"काम कोण वाटून द्यायचं? पावसाळ्यात कमी व्हायचं का?"

"नाही गं माहीत."

"तू कधी विचारलंच नाहीस?"

"नाही."

"बाबा, तू पण ना..." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "शनिवारी मला घेऊन चल तिथे."

शनिवारी गेलो. एका गाळ्याबाहेर तीन-चार हमाल चहा पीत बसलेले. त्यातल्या पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याने माझा इस्त्रीचा शर्ट न्याहाळला. "बोला शेठ, काय माल पाहिजे?"

मुलगी वही उघडून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"शेठ नाही," मी म्हणालो. "माझे वडील इथे हमाली करायचे. ही त्यांची नात."

"असं होय!" म्हातारा बाजूला सरकला, गोणीवर जागा केली. "मग उभा का? बस की. पोरी, तू पण बस."

मी बसलो. मुलगी माझ्या अंगाला अगदी खेटून बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला.