वीस फुटांचा ल

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचं नाव हे समाजाचं कपाळ असतं, असं आमच्या मंडळाचे नवे अध्यक्ष बैठकीत म्हणाले. कपाळावर काय लिहायचं ते सटवाई ठरवते, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्याकडे त्यासाठी उपसमिती नेमण्यात आली.

पेपर म्हणजे बेंगळुरूतल्या मराठी मंडळींचं चार पानी मासिक पत्र. जाहिरात कंपनीत नोकरीला होतो तेव्हापासून त्याची मांडणी मीच करतो, आणि नावाची अक्षरंही मीच हातानं काढलेली. ते नाव इथे सांगत नाही. त्यात ‘ल’ दोनदा येतो, एवढं पुरे. ते दोन ल मनासारखे उतरेपर्यंत एका दिवाळीची सगळी सुट्टी गेली होती. आयुष्यात मी केलेलं आणि अजून न पुसलेलं असं तेवढंच काय ते काम.

अध्यक्ष पुण्याहून आलेले, सॉफ्टवेअर कंपनीत बरेच वरचे. बैठक सर्जापूर रोडवर त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये होती. भिंतीवरच्या टीव्हीवर त्यांनी माझी अक्षरं मोठी करून दाखवली.

“ऑनेस्टली सांगतो, हे लाँड्रीच्या बोर्डसारखं वाटतं. कोणी काढलंय?”

आमच्या चिटणीस अक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या, “अण्णांनी.”

“ओह. नो ऑफेन्स, काका. त्या काळी चांगलंच असणार.”

मी हसलो. आमच्या घराण्यात राग आला की हसतात. तीन-चारशे वर्षं दुसऱ्यांच्या मुलखात राहायचं तर एवढं शिकावं लागतं.

मग पडद्यावर एकामागून एक फाँट आले. प्रत्येकात पेपरचं नाव, आणि खाली इंग्रजीत त्या फाँटच्या स्वभावाचं वर्णन: विश्वासार्ह, तरुण, मुळांशी जोडलेला. स्थळं दाखवताना करतात तसं. अध्यक्षांचा जीव सातव्यावर होता. फाँट खरोखर देखणा होता. फक्त त्यातला ल हिंदी होता.

मराठी ल ला दोन गोल पाकळ्या असतात. हिंदी वळणाच्या ल ला डावीकडे एक आकडा असतो आणि तो थेट दांड्याला जाऊन अडकतो. कोणी दाखवल्याशिवाय हा फरक लक्षात येत नाही, आणि एकदा आला की दुसरं काही दिसत नाही. इथे आमचं निम्मं आयुष्य शेजाऱ्यांना ‘आम्ही हिंदीवाले नव्हे’ हे समजावण्यात जातं. सातव्या फाँटच्या पोटात मराठी ल सुद्धा होता. मजकुराची भाषा मराठी आहे असं संगणकाला सांगितलं की तो बाहेर येतो. अध्यक्षांच्या फाइलीत भाषा हिंदी होती. एका क्लिकचं काम.

“काका, तुम्ही या फील्डमधले. तुमचं मत?”

“सातवा,” मी म्हणालो. “आणि वार्षिक सभेला व्यासपीठामागे याचाच फलक लावू.”

“ग्रेट. आठ फूट?”

“वीस.”

फलक छापून घ्यायला बोम्मसंद्र्याला मीच गेलो. दुसऱ्या कोणावर सोपवण्यासारखं ते काम नव्हतं. छापणाऱ्यानं कापड जमिनीवर पसरून विचारलं, “एल्ला सरीना, सार?” म्हणजे सगळं ठीक ना. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. दोन्ही ल माझ्यापेक्षा उंच होते. “सरी,” मी म्हणालो.

सभेच्या दिवशी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मी निपाणीकडच्या एका निवृत्त बँक मॅनेजरांसाठी धरून ठेवली. मुलाला मराठी शाळेत घालता यावं म्हणून त्यांच्या वडिलांनी अख्ख्या गावाशी भांडण घेतलं होतं, हे आम्ही सगळ्यांनी वेळोवेळी ऐकलेलं. एरवी ते पुस्तकी मराठी बोलतात. संतापले की गावाकडे जातात. पडदा सरकला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि गावाकडे गेले.

“काय ओ अध्यक्ष, ह्यो ल कुठनं आणलासा?”

“म्हणजे?”

“म्हंजे काय? बघा की. हिंदीतला हाय न्हवं ह्यो. आमच्या बापानं ह्याच्यासाठी भांडण काढलं हुतं व्हय?”

अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. “काकांनी फायनल केलाय. ते टेक्निकल आहेत.”

“छे हो,” मी म्हणालो. “मला फक्त लाँड्रीतलं कळतं.”

अक्कांना खोकला आला आणि त्या बाहेर गेल्या.

जुन्या घराण्यांतली बहुतेक मंडळी कन्नड शाळेत शिकलेली, मराठी अडखळत वाचणारी. त्यांना हा फरक तोवर ठाऊक नव्हता. आता कळला. वीस फुटांत लपायला जागा नसते. त्या फलकाखाली उभं राहून अध्यक्षांनी मराठी अस्मितेवर तयार करून आणलेलं भाषण केलं, आणि सगळं सभागृह त्यांच्या डोक्यावरून मागे बघत बसलं. इतकं मन लावून मी कुठलंही भाषण ऐकलेलं नाही.

पुढच्या बैठकीत ‘मूळ अक्षरांची सन्मानपूर्वक पुनःस्थापना’ करण्याचा ठराव आला. तो अध्यक्षांनीच मांडावा, असं मी सुचवलं. त्यांनी उभं राहून वाचला. माइक बंद आहे असं मी सांगितल्यावर पुन्हा वाचला. माइक चालूच होता.

माझी अक्षरं परत कपाळावर चढली. त्या अंकाबद्दल मला एकच फोन आला, बँक मॅनेजरांचा. वधू-वरांच्या पानावर त्यांच्या भाच्याची उंची चार इंच कमी छापली गेली होती.