डॉक्टरीणबाईंची वऱ्हाडी

आमच्या आर्वीकडे अनोळखी माणसाशी पहिलं बोलणं हिंदीत करायची रीत आहे. समोरचा कुठल्या गावचा, कुणाच्या घरचा हे कळलं, की मग वऱ्हाडी. त्यामुळे कुणी परका आल्या आल्या आपल्या बोलीत सुरू झाला, की माझे कान टवकारतात. याला काहीतरी गळ्यात मारायचंय, हे मी धरूनच चालते.

साखरेमुळे बाबांच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली, तेव्हा मोठ्या दवाखान्यात हेच झालं. तरुण डॉक्टरीणबाई केरळच्या. खाटेशी येऊन म्हणाल्या, "बाबाजी, अंगठा काढा लागते. नाई त पाय जाईन."

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या गेल्यावर मला म्हणाले, "केरळची बाई आपल्यावानी काऊन बोलून राह्यली वं? फसवून राह्यली मले. मी सही नाई करत."

खरं सांगते, मलाही तोच संशय होता. बोगस बियाणं देऊन गेलेला एजंट असाच घरच्यासारखा बोलला होता.

दोन दिवसांत अंगठा काळा पडला. मग मात्र माझं धाबं दणाणलं. मी बाईंना व्हरांड्यात गाठलं आणि जरा तोऱ्यातच सांगितलं, "त्यांच्याशी हिंदीत बोला." त्यांचा चेहरा उतरला. पेशंटांना बरं वाटावं म्हणून वॉर्डातल्या मावशींकडून शिकले, एवढंच म्हणाल्या.

लगेच आत येऊन त्यांनी तेच हिंदीत सांगितलं. बाबा उठून बसले. मोडक्या हिंदीत चार प्रश्न विचारले, कचेरीत साहेबापुढे बसावं तसे ताठ. "ठीक है, काट दो," म्हणाले आणि सही केली. मला माणसं कळतात, असं मला त्या दिवशी फार वाटलं.

पाय वाचला. चौथ्या दिवशी बाई पट्टी सोडत होत्या आणि बाबा कळवळले. त्यांनी बाईंचं मनगट घट्ट धरलं. "माय वं, लय दुखून राह्यलं."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हात न सोडवता, हळूच म्हणाल्या, "बस, हो गया, बाबाजी."

आता बोला हो तुमची वऱ्हाडी, असं मी म्हणायला हवं होतं. लाजेनं मी खाली मान घालून सोडलेली पट्टी गोळा करत बसले. बाबा मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, त्या आणखी काही बोलतील म्हणून.