न मिटणारी पापणी

"रडतेस का?" असं कुणी विचारलं की रफूवालीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि विचारायचे तर सगळेच. गिऱ्हाईक विचारायचं, जाऊ विचारायची. नवरा तर उलट दटावायचा, "पूस ते डोळे, लोकांना वाटेल मी छळतो तुला." अहो, रडायला तिला वेळ होता कुठे? डोळ्यांची आग व्हायची, वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि मग आपोआप घळाघळा पाणी. पण बाईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की जगाला एकच कारण सुचतं.

रफूचं दुकान तिच्या थोरल्या दिराचं. काम त्यानंच शिकवलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "पापणी मिटली की धागा हरवला." विणीची एक ओळ पुरी होईपर्यंत पापणी हलवायची नाही, हा त्या दुकानाचा कायदा. ती त्यात इतकी तरबेज झाली की दीर गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा, "हे आमचं घुबड." तीही खुळी, त्यावर खूश! वर इस्त्रीच्या वाफेनं घाम येऊन कापडावर डाग पडू नये, म्हणून टेबलपंखा थेट तिच्या तोंडावर सोडलेला. कापडाची केवढी काळजी!

जावेनं आपल्या कपाटातली डोळ्यांत घालायच्या थेंबांची जुनी बाटली दिली. "टाक दोन थेंब, लाली कशी पळते बघ." पळाली, पण दुपारपर्यंतच. नंतर डोळे आधीपेक्षा लाल. मग हिनं थेंब वाढवले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

एका सकाळी काळा कोट हातात असताना उजव्या डोळ्यात कळ उठली. खिडकीतला उजेड सोसेना. काळ्या कापडावर काळा धागा, आणि सगळंच धूसर. डोळे मिटून उघडले तरी तसंच. डोळा गेला तर हातातली कला काय चाटायची?

"भाऊजी, मला नीट दिसत नाहीये."

"आधी कोट पुरा कर. गिऱ्हाईक येईल आत्ता. मग रड काय रडायचं ते."

तिनं सुई कोटातच खोचली आणि तडक डोळ्यांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळं औषध घालून दिव्याखाली पाहिलं. "बुबुळावर ओरखडे पडलेत. डोळे कोरडे पडलेत तुमचे."

"कोरडे? अहो बाई, दिवसभर वाहतात!"

"कोरडे पडतात म्हणूनच वाहतात. त्या पाण्याची ओल टिकत नाही. पापणी मिटते तेव्हा ओल डोळाभर पसरते. तुम्ही मिटतच नाही, वर तोंडावर पंखा!" तिच्या पिशवीतली थेंबांची बाटली बघून तर बाई भडकल्याच. बाटली थेट कचऱ्याच्या टोपलीत गेली. "जळजळ हटत नव्हती तेव्हाच यायचं. आणि दुखलं, उजेड सोसेना, धूसर दिसलं की त्याच दिवशी यायचं, उद्यावर ढकलायचं नाही. हे ओरखडे भरतील. पण पुन्हा असं झालं तर डाग राहील, आणि डोळ्याला रफू करता येत नाही."

डोळा बरा झाल्यावर ती दुकानात परतली. एक ओळ विणायची, डोळे मिटून घ्यायची, मग पुढची ओळ. दिराचा पारा चढला.

"झोपा काढायला आलीस? धागा हरवेल!"

ती उठली. पंखा गर्रकन त्याच्या तोंडाकडे फिरवला आणि हातातलं अर्धवट काम त्याच्या पुढ्यात आपटलं.

"विणा भाऊजी. पापणी न मिटता. कायदा तुमचाच आहे."

गिऱ्हाईक समोर उभं, त्यामुळे त्याला माघार घेता येईना. त्यानं डोळे ताणले. अर्धी ओळही झाली नसेल, तोच त्याच्या गालांवरून पाणी ओघळलं.

गिऱ्हाईक चमकून म्हणालं, "काय हो, रडताय का?"

"नाही," रफूवाली म्हणाली. "काम करतायत."

आणि पंखा तिनं भिंतीकडे वळवला.