कळसच्या माळावरचा एक फोटो

माणूस कॅमेरा घेऊन रानात गेला की फोटो कमी आणि किस्सेच जास्त गोळा होतात. आमचं तसंच झालं. नव्वदच्या दशकात बारामतीत आम्ही तिघं होतो: लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओवाले अप्पा, मेडिकलवाला शशी आणि पंचायत समितीत कारकुनी करणारा मी. थंडी पडली की रविवारी पहाटे दोन स्कूटरी काढायच्या आणि भिगवणचं पाणी, नाहीतर कळसचा माळ गाठायचा.

अप्पांचा कायदा कडक. सबंध हिवाळ्याला प्रत्येकी एकच रोल, छत्तीस फोटो! "लग्नात दाबतोच की खटाखट. इथं दाबायच्या आधी दहादा बघायचं," म्हणायचे. त्यांना स्वतःला एकच फोटो हवा होता: बिळापाशी लांडगीण आणि तिची पिल्लं. त्यापायी सहा हिवाळे झुरले बिचारे.

*

शशीचा पहिला हिवाळा. भिगवणला चिखलात बसून रोहित पक्षी टिपता टिपता हा ओरडला, "अप्पा, अडतीस झाले, अजून चाललाय! कंपनीनं जास्तीचे दिलेत!"

अप्पांनी कॅमेरा उघडला. फिल्म चक्रीत अडकलीच नव्हती. "शशी, महिनाभर तू हवेचे फोटो काढलेस!"

दुसरा रोल काही अप्पांनी दिला नाही. शशी हसला खरा, पण येताना स्कूटरवर माझ्यामागं बसून नाक ओढत होता. मी थंडीवर ढकललं.

*

एकदा धुक्यात चार तास बसलो आणि अप्पांनी एकदाही बटण दाबलं नाही. होडीतल्या म्हाताऱ्या मच्छीमारानं विचारलं, "काय गावलं का?"

"नाही. उजेड बरा नव्हता."

"आमी असं म्हणलं तर बायकू घरात घ्यायची न्हाय!"

*

कळसच्या माळावर अप्पा दोन तास पोटावर पडून होते. शेवटी चिंकारा अगदी समोर येऊन उभा राहिला. आम्ही श्वास रोखला. पण वीस वर्षांची लग्नाची सवय! अप्पांच्या तोंडून गेलंच, "हनुवटी जरा खाली!"

हरीण पसार! आम्ही हसून लोळलो.

*

त्याच माळावर बिरूआबा मेंढरं राखायचे. आम्हाला चहा त्यांच्याकडंच. एका हिवाळ्यात लांडग्यानं त्यांची दोन कोकरं नेली. मी विचारलं, "आबा, राग नाही येत?"

"येतो की! पर त्येलाबी प्वाट हाय."

त्याच हिवाळ्यात अप्पांना बीळ सापडलं. स्टुडिओ बंद ठेवून नऊ दिवस लांब झुडपात पडून राहिले आणि एकदाच बटण दाबलं. जागा आम्हालासुद्धा सांगितली नाही. "लोकांना कळलं तर पिल्लं जगायची नाहीत. आणि तुमची तोंडं मला माहीत आहेत!"

फोटो धुऊन आला. कोवळ्या उन्हात लांडगीण बसलेली, चार पिल्लं तिच्या अंगावर लोळतायत. अप्पा बघता बघता रडले. आम्हीच म्हणालो, "मोठा करा अप्पा, काचेत लावा, बारामतीला कळू दे!" अप्पांनी तो मोठा करून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला.

आठव्या दिवशी मेंढरांचं औषध न्यायला बारामतीला आलेले बिरूआबा स्टुडिओत डोकावले. चष्मा लावून फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले.

"ही तर आमच्या वड्याची दरड. ह्ये हिवराचं झाड म्याच छाटलंय."

अप्पांनी हात जोडले. "आबा, पाया पडतो, कुणाला सांगू नका."

"म्या कशाला सांगतोय? पर समदं गाव बाजाराला हितनंच जातंय की. त्यास्नी काय डोळं न्हाईत?"

अप्पांनी तिथल्या तिथं फोटो उतरवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही ओढ्यावर. बिळाचं तोंड दगडांनी गच्च बुजवलेलं, वरून बाभळीच्या काट्या, माती धुरानं काळी पडलेली. लांडगीण कुठं दिसली नाही. कुणी केलं, ते आम्ही विचारलं नाही. अप्पा गुडघ्यावर बसून हातानं दगड काढायला लागले. मेंढरं सोडून आबा आले. काठी बाजूला ठेवली आणि तेही दगड काढायला लागले. कोकरं गेलेला माणूस!

चारही पिल्लं आतच होती, एकमेकांना चिकटून. अप्पांनी एकेक बाहेर काढलं आणि स्वतःच्या मफलरवर ठेवलं. "मीच मारली रे, मीच मारली," एवढंच म्हणत होते. शशीनं तोंड फिरवलं. मला तर रडू आवरेना.

आबांनी खड्डा केला. पिल्लं आत ठेवली. माती लोटायला हात घातला आणि थांबले. अप्पांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले,

"अप्पा, ह्येंचा न्हाय का काढायचा फोटू?"