रऊफभाईंचा जावई

रऊफभाई आमच्या घरी पहिल्यांदा आले ते चिलर दुरुस्त करायला. मे महिना होता, समुद्री माशांच्या माझ्या टाकीचं पाणी तापत चाललं होतं आणि ते थंड ठेवणाऱ्या यंत्राला हात लावील असा माणूस पेणमध्ये मिळत नव्हता. माझे मिस्टर धाटावला कंपनीत आहेत. तिथे एसीची कामं करणारा रोह्याचा एकजण मस्कतच्या हॉटेलात माशांच्या मोठाल्या टाक्या सांभाळून परत आलाय, असं त्यांना कळलं आणि ते त्याला घेऊनच आले. उंच, किंचित वाकलेले, पन्नाशी उलटलेले रऊफभाई. चिलर चालू झाल्यावर ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. माझ्या क्लाउन माशांच्या जोडीने त्याच आठवड्यात दगडावर अंडी घातली होती. ती बराच वेळ बघून ते म्हणाले, "वहिनी, माझ्या पोटात दुखतंय."

माझं औषधांचं दुकान. मी सवयीने विचारलं, "जेवल्यावर दुखतं की उपाशीपोटी?"

"तसलं नाय. ही अंडी बघून दुखतंय. माझ्याकडं कधीची जोडी हाय, पण एक अंडं नाय." एवढं सांगून त्यांनी चहा मागितला आणि शांतपणे प्यायले.

ही त्यांची रीतच होती. कुणाचं काही चांगलं दिसलं आणि आपल्याला हेवा वाटला, की बरगड्यांखाली हात ठेवून ते तोंडावर सांगून टाकायचे. शेजाऱ्याची नवी गाडी असो की भाच्याची दुबईतली नोकरी. ऐकणारा आधी गोंधळायचा, मग हसायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सांगून टाकलं की मोकळं वाटतं. नाय सांगितलं असतं तर तुमच्या टाकीत खोट काढत बसलो असतो."

मी मात्र खोट काढणाऱ्यांपैकी. रोह्याला त्यांची टाकी बघायला गेले तेव्हा दारातच थबकले. माझ्याकडे नुसते दगड आणि मासे होते. त्यांच्याकडे जिवंत कोरल होती. हिरव्या टोकांची, पाण्याबरोबर डोलणारी, कुठे शर्टाच्या बटणांएवढी जांभळी फुलं दाटीने उमललेली, आणि मधोमध मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं एक मोठं गुबगुबीत कोरल. मित्राने दिलेल्या नखाएवढ्या तुकड्यापासून त्यांनी ते वाढवलं होतं. रोहा काय, पनवेलपर्यंत अशी टाकी नव्हती. मी म्हणाले, "वाळू जरा काळपट दिसते का?"

"वाळूच दिसली होय तुम्हाला," रऊफभाई म्हणाले. त्यांना सगळं कळलं होतं.

त्या टाकीत त्यांचा लाडका मासा होता. फ्लेम एंजल म्हणतात त्याला. शेंदरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे, परांच्या टोकांना निळी झाक. रऊफभाई त्याला 'जावई' म्हणत, कारण त्याला सगळ्यांच्या आधी खायला लागायचं आणि तो कशानेही रुसायचा. ते काचेला बोट लावत तिथे तो यायचा आणि बोट फिरेल तसा फिरायचा. त्यांची बायको, जुबेदाभाभी, स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोरांना असं खेळवलं नाय कधी." तिला त्या टाकीचा राग होता. खारं पाणी कालवून कालवून तिच्या मोरीचे नळ गंजले होते आणि खिडकीच्या गजांना हात लावला की पापुद्रे पडत होते.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. मेंदूसारखं कोरल आक्रसून बसलं होतं, उघडत नव्हतं. जुबेदाभाभीचं म्हणणं, जावई त्याला चावतो. रऊफभाई मशिदीत गेले की येऊन लचके तोडतो, तिने रोज बघितलंय. त्यांचा विश्वास बसेना. "इतकी वर्षं त्याने कशाला तोंड नाय लावलं. आता का लावील?"

मी गेले. आम्ही दोघं आतल्या खोलीच्या पडद्यामागे उभे राहिलो. जावई दगडावरचं शेवाळ टिपत टिपत कोरलपाशी आला, जरा थांबला, आणि गुबगुबीत कडेला एक चिमटा काढला. मग दुसरा. रऊफभाई हळूच म्हणाले, "चुकून लागलं असेल." तेवढ्यात त्याने जांभळ्या फुलांकडे मोर्चा वळवला.

अशा माशांचं असं होतं. वर्षानुवर्षं सरळ वागतात आणि एक दिवस कोरलची चव लागते, मग सुटत नाही. रऊफभाईंनी त्याचं खाणं वाढवलं, काचेला समुद्री शेवाळाची पानं अडकवली. जावई ती पानंही खायचा आणि वर कोरलही. महिन्याभरात निम्मी टाकी मिटून बसली. शेवटी त्यांनी प्लास्टिकचा पारदर्शक डबा आत सोडला, त्यात कोळंबी ठेवली आणि झाकणाची दोरी धरून बसले. आधी बाकीचे सगळे मासे आत जाऊन जेवून आले. जावई संध्याकाळी आत शिरला, आणि त्यांनी दोरी ओढली.

माझ्या टाकीत कोरल नव्हती, म्हणून तो माझ्याकडे आला. झाकणाच्या बादलीत, बॅटरीवरचा पंप लावून, रऊफभाईंनी त्याला रोहा गाडीने मांडीवर धरून पेणला आणलं. "सांभाळा," एवढंच म्हणाले.

चार-सहा आठवड्यांत जावई माझा झाला. मी दुकानातून आले की काचेपाशी यायचा. रऊफभाई दर रविवारी त्याला बघायला यायचे. एका रविवारी त्यांनी काचेला बोट लावलं, मीही लावलं, आणि जावई माझ्या बोटाकडे आला. मी रऊफभाईंच्या हाताकडे बघत होते. हात बरगड्यांकडे गेला नाही. ते चहा न घेताच गेले. मला त्यांचं वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर दिवसभर मी गुणगुणत होते.

तिकडे रोह्याला त्यांची कोरल पुन्हा उमलली. पूर्वीपेक्षा भरगच्च. मी बघून आले आणि दोन दिवस मला माझी टाकी बघवेना. पण रऊफभाई त्या सगळ्या शोभेकडे पाठ करून बसले होते आणि मला विचारत होते, तो खातो का, रंग उतरला नाय ना.

पुढच्या महिन्यात ते बादली घेऊन दारात उभे. "जावयाला न्यायला आलो."

"आणि कोरल?"

"दिली. माणगावच्या एका डॉक्टरला. मोठं मेंदूवालंसुद्धा."

मी बघतच राहिले. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येत, ती टाकी त्यांनी एका माशासाठी मोकळी केली होती. "अहो, इतकी मेहनत," मी म्हणाले.

"व्हय. पण ती मला ओळखत नव्हती, वहिनी."

मला माणगावच्या त्या डॉक्टरचाही राग आला, आणि जावयाचा तर जास्तच. बादलीत जाताना त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

गेल्या वर्षी रऊफभाई हृदयविकाराने गेले, धाटावला कामावरच. काही दिवसांनी मी भेटायला रोह्याला गेले. टाकीचा राग असलेल्या बाईकडे जावई कशाला राहील, असं वाटून मी बादली आणि पंप बरोबर नेला होता. पण दारात गाडीतून उतरताना धीर झाला नाही, सगळं मागच्या सीटवरच ठेवलं.

जुबेदाभाभी पांढऱ्या ओढणीत बसल्या होत्या. पाणी स्वच्छ होतं. काचेला ताजं शेवाळाचं पान अडकवलेलं.

"बादली आणलीय ना?" त्या म्हणाल्या. "खिडकीतून दिसली."

"तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"नळ तर गंजलेच हायत. आता काय त्रास." त्या उठल्या आणि त्यांनी काचेला बोट लावलं. जावई मागच्या दगडातून सरळ त्यांच्यापाशी आला.

माझ्याने राहवलं नाही. मीही जवळ गेले, त्यांच्या शेजारी माझं बोट टेकवलं आणि थोडं हलवलं. जावई तसूभरही सरकला नाही.

जुबेदाभाभींनी ते पाहिलं. मग किंचित हसून त्यांनी मला विचारलं, "चहा टाकू?"