बोरिंगवरची बाई

मी मास्तर होतो त्या गावात हातपंप दुरुस्त करायला शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, एक बाई यायची. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, खांद्यावर पान्यांची पिशवी. पंप उघडण्याआधी ती त्याला कान लावायची आणि दांडा हलवत स्वतःशीच “हं, हं” करायची.

एका एप्रिलात शाळेसमोरचा पंप बंद पडला. ती आली, तर गावचे म्हातारे पाटील पंपाच्या ओट्यावरच बसले.

“बाईनं बोरिंगले हात लावाचा नाई. तालुक्याहून, मूलवरून माणूस येऊन राह्यला.”

चार दिवस कुणी आलं नाही. बायका लांबच्या नाल्यावरून पाणी आणत होत्या.

पाचव्या दिवशी ती पुन्हा आली. “भाऊ, उठा.”

पाटील हलले नाहीत. भोवती पुरुष गोळा झाले. तिने पाना काढला आणि तशीच उभी राहिली. तेवढ्यात पाण्याचा रिकामा गुंड डोक्यावरून खाली ठेवून पाटलांचीच बायको पुढे आली.

“खोल, बाई. पाइप धराले मी आहो.”

पाटील नवऱ्यासारखे नाही, हरलेल्या माणसासारखे उठले.

दुपारी पाणी आलं. हात धुताना पंपवाल्या बाईने मला विचारलं, “मास्तर, तुम्ही दोन्ही वेळा शाळेच्या दारातूनच पाहून राह्यले होते. एक शब्द काऊन नाई बोलले?”

मी शाळा सुटल्याची घंटा द्यायला आत गेलो. शाळा केव्हाच सुटली होती.