हैबतरावांचे चौदा कप

रिहे गावात बांधावरून भांडण लागलं की ते मिटवायला हैबतरावांना बोलावणं येतं. त्यांचा नियम एकच. एका घरी चहा घेतला की दुसऱ्या घरीही तेवढाच घ्यायचा, नाहीतर लोक म्हणतात माणूस फितला.

मारुती आणि संपत हे सख्खे भाऊ, भिंतीला भिंत लावून राहणारे. या खेपेला भांडण त्यांच्या बांधाचं होतं. थोरल्या मारुतीनं आपल्या चहात साखर वाढवल्याचं कळताच संपतनं साखरेबरोबर पावडरही दुप्पट केली. दुपारपर्यंत दोन्हीकडचे सात-सात कप झाले आणि बांध होता तिथंच राहिला. हैबतरावांचे हात मात्र थरथरायला लागले, छातीत धडधडायला लागलं आणि ते भडाभडा ओकले. तेही सामाईक अंगणात.

तीन वर्षं अबोला धरलेल्या भावांनी त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून पौडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चहा बंद केला. बाहेर येताच दोघांची पुन्हा जुंपली.

"आप्पा, खरं सांगा, कुणाच्या चहानं झालं?" मारुतीनं विचारलं.

हैबतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"निम्मं तुज्या, निम्मं तुज्या भावाच्या. आता बांध बी तसाच घाला."